अनुभव धागा: सायकलचं हँडल वर घेताना

मान आखडते, करंगळी बधिर होते, कंबर धरते आणि सल्ला एकच मिळतो: हँडल वर घ्या. नेमकं काय खोलायचं, किती चढवायचं, कुठे थांबायचं हे मात्र कोणी सांगत नाही. ज्यांनी हे काम आपल्या हातांनी केलंय त्यांनी कृपया लिहा. सायकल कुठल्या प्रकारची, स्टेम (हँडल धरून ते फोर्कला जोडणारा तुकडा) कसा, हँडल किती चढलं, केबल पुरली का, काय बिघडलं. नुसतं "आता बरं वाटतं" नको, आकडे द्या.

सुरुवात मापापासून. सायकल भिंतीला सरळ उभी करा, सीटवर लांब पट्टी आडवी ठेवा, वर पाणसळ ठेवा आणि पट्टीपासून हँडल किती खाली किंवा वर आहे ते मोजा. रोजच्या वापराच्या सायकलीला हँडल सीटच्या पातळीत किंवा दोन-तीन सेंमी वर बहुतेकांना मानवतं. त्याआधी सीटचं नाक पाहा. ते खाली झुकलेलं असेल तर अंग पुढे घसरतं, भार तळहातांवर येतो, आणि मग हँडल कितीही चढवा, दुखणं तिथेच राहतं.

पुणे, हायब्रिड

हल्लीच्या बहुतेक गिअरच्या सायकलींना अहेड स्टेम असतो. फोर्कची, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याची, नळी हेडट्यूबमधून (फ्रेमच्या पुढच्या उभ्या नळीतून) वर येते आणि स्टेम तिला बाहेरून आवळून धरतो. म्हणजे नळी जेवढी लांब तेवढीच उंची. स्टेमच्या वर रिंगा, म्हणजे स्पेसर, असतील तर त्या खाली घालून हँडल चढतं. वर रिंग नसेल तर या मार्गाने काहीच मिळत नाही. तरी काही जण बाजारातून रिंग आणून खाली सरकवतात, स्टेमची पकड नळीवर अर्धवट राहते आणि एखाद्या खड्ड्यात हँडल हातात येतं. हे कृपया करू नका.

पुढचं चाक जमिनीवरच ठेवा. सायकल टांगलेली असेल तर स्टेम निघताच फोर्क खाली सुटतो आणि बेअरिंग विखुरतात. स्टेमच्या वरच्या टोपीचा बोल्ट काढा (बहुधा 5 मिमीची अ‍ॅलन की लागते), मग स्टेमच्या बाजूचे दोन बोल्ट सैल करा, स्टेम उचला, रिंगा खाली घाला, स्टेम परत बसवा. नळीचं तोंड स्टेमच्या (किंवा त्यावर रिंग असेल तर तिच्या) वरच्या काठापेक्षा 3 मिमी खाली राहिलं पाहिजे. ते काठाला लागलं तर टोपी नळीवरच टेकते आणि बेअरिंगवर दाब येतच नाही.

आवळताना आधी टोपी, मग बाजूचे बोल्ट. टोपी हँडल धरून ठेवत नाही, ती फक्त बेअरिंगचा खेळ काढते. बाजूचे बोल्ट आधी आवळले की टोपी फिरवून काहीच होत नाही, आणि लोक ती जोर लावून मोडतात. खेळ तपासायला पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवा आणि खालच्या कपाच्या फटीवर दोन बोटं ठेवा. टकटक बोटांना लागली तर खेळ आहे. नुसत्या आवाजावर जाऊ नका, डिस्क ब्रेकचे पॅडही तसेच वाजतात. उलट चाक उचलल्यावर हँडल मध्येच अडखळत असेल तर टोपी जास्त आवळली गेली आहे. मग स्टेम चाकाच्या रेषेत आणून बाजूचे बोल्ट आलटूनपालटून आवळा. साधारण 5 न्यूटन-मीटर लागतं, पण स्टेमवर जो आकडा कोरलेला असेल तो पाळा.

ठाणे, रोडबाईक

रिंगा संपल्या असतील तर स्टेम उलटा करून पाहा, खर्च शून्य. 100 मिमीचा 6 अंशांचा स्टेम, हेडट्यूब 72 अंशांची, अशा सायकलीवर स्टेम पालथा घातला की हँडल साधारण 20 मिमी चढतं आणि 6 मिमी जवळ येतं. 17 अंशांचा असेल तर साडेपाच सेंमी चढतं. रिंगांचंही असंच: 10 मिमीच्या रिंगेने हँडल साडेनऊ मिमी वर आणि 3 मिमी मागे येतं, कारण नळी तिरकी आहे. मान दुखणाऱ्यांनी हे "मागे येणं" विसरू नये. बऱ्याचदा हँडल खाली नसतं, लांब असतं, आणि तेव्हा 100 च्या जागी 80 मिमीचा स्टेम जास्त गुण देतो.

हँडल परत बसवताना ते आवळणाऱ्या स्टेमच्या पुढच्या पट्टीची फट वर-खाली सारखी ठेवा. एक बाजू बंद आणि दुसरी उघडी असेल तर बोल्टवर तिरका ताण येतो. फोर्कची नळी कार्बनची असेल तर स्टेमखाली किती रिंगा चालतात ते कंपनीच्या पुस्तिकेत पाहा, मर्यादा पुष्कळदा 30 मिमीच्या आसपास असते. कार्बनवर उंची वाढवणारा जोड बसवू नका.

सांगली, काळी रॉडब्रेकची सायकल

जुन्या सायकलींचं तंत्र वेगळं. हँडलची दांडी फोर्कच्या नळीच्या आत उतरते आणि खालचा कोन किंवा तिरकी पाचर वर ओढली जाऊन तिला आतून घट्ट करते. वरचा बोल्ट तीन-चार फेरे सैल केला तरी हँडल हलणार नाही, कारण पाचर आत अडकलेली असते. बोल्टवर लाकडाचा ठोकळा ठेवून हातोडीचा एक ठोका द्या. बोल्ट टप्पकन खाली बसतो आणि आवाज भरीव होता तो पोकळ येतो. मग पुढचं चाक गुडघ्यांत धरून हँडल डावी-उजवीकडे फिरवत वर काढा. ठोकळ्याशिवाय थेट हातोडी मारली तर बोल्टचे आटे जातात.

दांडीवर आडव्या रेघा असतात. ती खूण बाहेर दिसता कामा नये. खूण झिजली असेल तर किमान 65 मिमी दांडी आत ठेवा. त्याहून वर काढली तर एखाद दिवस चढाला उभं राहून ओढताना दांडी नळीसकट वाकते किंवा तुटते. आमच्याकडे पावसाळ्यानंतर दांडी गंजून चिकटलेली सापडते. तेव्हा फटीतून गंज सोडवणारं तेल सोडून रात्रभर थांबा. बसवताना दांडीला आणि पाचरीला ग्रीस लावाच. बोल्ट फार आवळू नका, आतून नळी फुगते आणि मग दांडी कायमची अडकते.

रॉडब्रेकवाल्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. या ब्रेकचे रबर रिमला खालून वर ओढले जाऊन लागतात. हँडल 3 सेंमी चढवलं की पुढचा उभा रॉडही 3 सेंमी वर जातो आणि चाक जाम होतं. म्हणून आधी रॉडचा जोड सैल करा, हँडल चढवा, रबर आणि रिम यांत थोडी फट ठेवून जोड आवळा, आणि ढकलत नेऊन ब्रेक तपासल्याशिवाय बसू नका.

खूण ओलांडायची वेळ आली तर लांब दांडीचा स्टेम घ्या. व्हर्नियरने जाडी मोजून जा: 22.2 आणि 25.4 मिमी अशी दोन मापं सर्रास मिळतात आणि डोळ्यांना फरक कळत नाही.

नाशिक, एमटीबी (माउंटन बाईक)

5 सेंमीहून जास्त हवं असेल तर तीन वाटा. राइझर हँडल (मधून दोन्ही टोकांकडे वर चढणारं) ही माझ्या मते सगळ्यात चांगली: मधली जाडी तुमच्या स्टेमशी जुळवा (25.4 किंवा 31.8 मिमी), जुनीच ग्रिप, जुनेच लिव्हर त्यावर बसतात. उंची वाढवणारा जोड फोर्कच्या नळीवर बसतो, अहेड नळी बहुधा 28.6 मिमीची असते. डांबरी रस्त्याला ठीक, डोंगरातल्या वाटांना नको. कोन बदलणारा स्टेम दुकानदार हौसेने देतात. त्याच्या सांध्यात दाते असतात, ते नीट एकमेकांत बसले आहेत हे पाहूनच बोल्ट आवळा. दात्यावर दाता चढला तर बोल्ट घट्ट लागतो, पण पहिल्या गतिरोधकाला हँडल खाली कोसळतं. हा बोल्ट दर पंधरा दिवसांनी तपासा.

कोल्हापूर, केबल

वर सगळ्यांनी उंचीचं लिहिलंय, पण काम अडतं ते केबलवर. हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे फिरवा. आउटर (केबलचं बाहेरचं आवरण) ताणून सरळ होत असेल, वळताना ब्रेक लागत असेल किंवा गिअर आपोआप पडत असेल तर केबल आखूड आहे. दोन सेंमीपर्यंत बहुतेक सायकली सहन करतात. त्यापुढे आउटर आणि इनर (आतली तार) दोन्ही नवे घ्या. ब्रेकला 5 मिमीचं आउटर, गिअरला 4 मिमीचं. गिअरचं आउटर ब्रेकला कधीही लावू नका, त्यातल्या तारा उभ्या असतात आणि जोराने ब्रेक दाबला की ते फुटतं. हायड्रॉलिक ब्रेकची नळी आखूड पडली तर लांब नळी टाकून ब्लीड करावं, म्हणजे तेलातली हवा काढावी लागते. तेल कंपनी सांगेल तेच. मिनरल तेलाच्या ब्रेकमध्ये डॉट तेल गेलं तर सील फुगतात.

नागपूर, लांब पल्ला

200 किमीची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी) साडेतेरा तासांत संपवायची असते, आणि मानेचा हिशेब सातव्या-आठव्या तासानंतर सुरू होतो. अतिलांब शर्यतींत मानेचे स्नायू इतके थकतात की डोकं उचलता येत नाही. त्याला शर्मर्स नेक म्हणतात, 1983 च्या रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका शर्यतीतले सायकलपटू मायकेल शर्मर यांच्यावरून. म्हणून लांब पल्ल्याला हँडल थोडं उंच असणं यात कमीपणा नाही. पण हँडल वर गेलं की धड उभं होतं, भार सीटवर येतो, आणि वेगासाठी बनवलेली अरुंद सीट टोचू लागते. समोरचा वाराही जास्त खावा लागतो. एका वेळी 10 मिमी चढवा, दोन-तीन फेऱ्या मारा, मगच पुढचे 10. बधिरपणा फक्त करंगळी आणि अनामिकेत असेल तर ब्रेक लिव्हरचा कोनही बघा. लिव्हर धरताना मनगट वर किंवा खाली मोडता कामा नये.

डोंबिवली, मुलांच्या सायकली

मुलं उंच होतात तशी सीट चढते आणि हँडल विसरलं जातं. दोन्ही एकाच दिवशी चढवा, खुणेची रेघ दोन्हीकडे पाहा. काम झाल्यावर पहिल्या 50 किमीनंतर सगळे बोल्ट पुन्हा एकदा तपासा. आणि खोलण्याआधी जुनं माप पेनने चिकटपट्टीवर लिहून सीटच्या दांड्याला लावून ठेवा. चार दिवसांनी हँडल 10 मिमी खाली आणावंसं वाटलं तर कुठून मोजायचं ते तिथे लिहिलेलं असतं.