गेम प्रोग्रॅमिंग आपलं आपण शिकायचंय, क्रम काय ठेवू?

कोकमसरबत:
बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सच्या पहिल्या वर्षाला आहे. पायथॉनमध्ये लूप, फंक्शन, लिस्ट, थोडेफार क्लास एवढं येतं. लॅपटॉप साधाच, आय३, ८ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. उड्या मारत पुढे जायचा टूडी गेम करायचाय. कोणी म्हणतं आधी सी++ पक्कं कर, कोणी म्हणतं थेट युनिटी (गेम बनवायचं तयार इंजिन) घे. व्हिडिओ बघत टाइप केलं की सगळं चालतं, व्हिडिओ बंद केला की एक ओळ सुचत नाही. रोज तास-दीड तास देऊ शकते. आणि गणित किती लागतं? जाणकारांनी सांगावं.

जुना_कळफलक:
सी++ सध्या राहू दे. हातात पायथॉन आहे तर पायगेम (गेमसाठीची पायथॉन लायब्ररी) घे आणि पाँग कर, म्हणजे दोन बाजूंना दोन फळ्या आणि मध्ये चेंडू. १९७२ चा गेम आहे, पण इनपुट, हालचाल, टक्कर, गुण, जिंकणं-हरणं सगळं त्यात येतं. अगदी नव्या पायथॉनवर पायगेम इन्स्टॉल होत नसेल तर ते काढून पायगेम-सीई ही त्याचीच वेगळी आवृत्ती टाक. कोड तोच चालतो, फक्त दोन्ही एकत्र ठेवू नकोस.

८०० × ६०० ची खिडकी, १२ × ८० पिक्सेलची फळी, १० × १० चा चेंडू, वेग सेकंदाला ३०० पिक्सेल. आधी नुसती खिडकी उघडून नीट बंद करून दाखव. इव्हेंट (कळ दाबली, खिडकी बंद केली अशा सूचना) वाचले नाहीत तर विंडोज 'नॉट रिस्पॉन्डिंग' म्हणतं, पहिल्या दिवशी बहुतेक जण इथेच अडकतात. मग फळी, मग चेंडू, मग भिंती.

एक गोष्ट पहिल्यापासून पाळ: वेग 'दर फ्रेमला (पडद्यावरच्या दर चित्राला) ५ पिक्सेल' असा कधीच लिहायचा नाही. क्लॉक.टिक(६०) मागच्या फ्रेमला किती मिलिसेकंद लागले ते परत देतं. त्याला १००० ने भाग, ती डेल्टा. वेग गुणिले डेल्टा म्हणजे या फ्रेमची हालचाल. नाहीतर तुझ्याकडे ठीक चालणारा गेम सेकंदाला ६० ऐवजी १४४ फ्रेमवर चालवला की जवळजवळ अडीच पट पळतो.

आणि पाँग पूर्ण कर. पूर्ण म्हणजे सुरुवातीचा पडदा, ११ गुणांना शेवट, पुन्हा खेळायची सोय. हा शेवटचा कंटाळवाणा भाग सगळे टाळतात, आणि गेमची 'स्थिती' कशी सांभाळायची ते नेमकं त्यातच कळतं.

भैरवी_२डी:
पाँगपर्यंत +१. त्यापुढे पायगेममध्ये रेंगाळू नकोस. उड्यांच्या गेमला कॅमेरा, टाइलचा (चौकोनी तुकड्यांचा) नकाशा, उतारावरची टक्कर हे सगळं हाताने लिहावं लागेल आणि गेम बाजूलाच राहील. गोडो हे गेम इंजिन घे. फुकट आहे, मुक्त वापराचा एमआयटी परवाना आहे, त्याची जीडीस्क्रिप्ट ही भाषा पायथॉनसारखीच इंडेंटवर चालते. युनिटीही ८ जीबीवर उघडतं, पण सोबत ब्राउझर चालू असला की रखडतं. गोडोत प्रोजेक्ट बनवताना रेंडरर (चित्र पडद्यावर काढणारा भाग) 'कम्पॅटिबिलिटी' निवड. बाकीचे दोन व्हल्कनसारख्या नव्या ग्राफिक्स प्रणालींवर चालतात, जुन्या इंटेल ग्राफिक्सवर त्यांचा भरवसा नाही.

पात्रासाठी कॅरेक्टरबॉडी२डी नोड (गोडोतला तयार घटक) घेतलास की तयार स्क्रिप्टचा साचा मिळतो: वेग ३००, उडी उणे ४००. उणे का, तर टूडीमध्ये वाय अक्ष खाली वाढतो. गुरुत्व मूळ सेटिंगमध्ये ९८०. उडीची उंची म्हणजे वेगाचा वर्ग भागिले गुरुत्वाची दुप्पट. १,६०,००० भागिले १,९६०, साधारण ८२ पिक्सेल. टाइल ३२ ची असेल तर अडीच टाइल. आता हे उलटं कर: तीन टाइल पार व्हायला हव्यात तर १०० पिक्सेल धर आणि उडीचा वेग काढ, ४४३ येतो. असा हिशेब केला की आकडे चाचपडत बसावं लागत नाही.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे व्हेलॉसिटीला (वेगाला) डेल्टाने गुणून मग पात्र हलवणारं मूव्ह_अँड_स्लाइड बोलावणं. ते फंक्शन डेल्टा स्वतःच धरतं, त्यामुळे दोनदा गुणलं जातं आणि पात्र जागेवरून हललेलंही कळत नाही. गुरुत्व मात्र डेल्टाने गुणायचंच, कारण ते वेगात दर सेकंदाला पडणारी भर आहे.

पिक्सेल आर्ट धूसर दिसलं तर प्रोजेक्ट सेटिंगमध्ये टेक्स्चर फिल्टर 'निअरेस्ट' कर. चित्रं स्वतः काढत बसू नकोस. केनी या गेमच्या तयार चित्रांच्या साइटवर सीसी० (पूर्ण मुक्त) परवान्याची ढीगभर आहेत, नावाचा उल्लेखही सक्तीचा नाही.

तिरकी_रेघ:
गणिताचं: अकरावी-बारावीची त्रिकोणमिती आणि व्हेक्टर, टूडीला तेवढं पुरतं. वरून दिसणाऱ्या गेममध्ये उजवी आणि वरची कळ एकदम दाबली की पात्र १.४१ पट वेगाने जातं, म्हणून दिशेचा व्हेक्टर आधी नॉर्मलाइज करायचा, म्हणजे त्याची लांबी १ करायची. पाँगमध्येही साइन-कोसाइन वापर. चेंडू फळीच्या मध्यापासून किती दूर लागला ते ४० ने (फळीच्या अर्ध्या उंचीने) भाग, साधारण उणे १ ते १ मध्ये उत्तर येईल, त्याला ६० अंशांनी गुण. तो परतीचा कोन, त्याच्या कोसाइनने आडवा आणि साइनने उभा वेग काढ.

व्हिडिओंचं म्हणशील तर बघताना टाइप करू नकोस. एक टप्पा बघ, बंद कर, आठवून लिही, अडलं तरच परत उघड. मग त्यात नसलेली एक गोष्ट घाल, दुसरा चेंडू किंवा लहान होत जाणारी फळी. ते जमेना तर टप्पा अजून कळलेला नाही.

कोकमसरबत:
पाँग चालू झाला! तीन अडचणी आहेत. चेंडू डावीकडे जरा वेगाने येतो, उजवीकडे सावकाश जातो. कधीकधी फळीला चिकटून थरथरतो. आणि दर फटक्याला वेग १० टक्के वाढवलाय, तर बराच वेळ खेळल्यावर तो फळीतून आरपार जातो.

जुना_कळफलक:
पहिली: चेंडूची जागा थेट रेक्टमध्ये (पायगेमच्या आयतात) ठेवली असशील. पायगेमचा रेक्ट पूर्णांकच साठवतो, अपूर्णांक कापून टाकतो. डेल्टा ०.०१६ असताना हालचाल ४.८ पिक्सेल. १०० + ४.८ चे होतात १०४, म्हणजे ४ पुढे. १०० - ४.८ चे होतात ९५, म्हणजे ५ मागे. जागा वेगळ्या फ्लोट (अपूर्णांक ठेवणाऱ्या) व्हेरिएबलमध्ये ठेव, चित्र काढताना आणि टक्कर तपासताना तेवढी रेक्टमध्ये भर.

दुसरी: टक्कर दिसली की वेगाचं चिन्ह उलटं करतेस. पुढच्या फ्रेमला चेंडू अजून फळीत असला की परत उलटं होतं, म्हणून थरथर. उलटं करण्याऐवजी दिशा ठरवून दे: डाव्या फळीवर आडवा वेग नेहमी धन, उजवीवर नेहमी ऋण. शिवाय चेंडू फळीच्या कडेला नेऊन ठेव.

तिसरी: फळी १२, चेंडू १०, बेरीज २२. एका फ्रेमची आडवी हालचाल २२ च्या वर गेली की चेंडू आधीच्या फ्रेमला फळीच्या अलीकडे आणि नंतरच्या फ्रेमला थेट पलीकडे असू शकतो, मध्ये टक्कर तपासलीच जात नाही. ३०० पासून १० टक्क्यांनी वाढत गेलं तर सोळाव्या फटक्याला वेग १३७८ होतो, म्हणजे फ्रेमला साधारण २३. हालचालीचे चार तुकडे कर आणि प्रत्येक तुकड्यानंतर टक्कर तपास. किंवा वेगाला ९०० ची मर्यादा घाल. माणसाला तेवढाही पुरून उरतो.

भैरवी_२डी:
गोडोकडे वळशील तेव्हा पहिल्याच दिवशी गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) सुरू कर आणि .गोडो फोल्डर त्यातून वगळ, ते पुन्हा आपोआप बनतं. वेबसाठी एक्स्पोर्ट करताना मुख्य फाइलचं नाव इंडेक्स.एचटीएमएल ठेव, सगळ्याची झिप करून इच.आयओ या गेमच्या साइटवर चढव. ती फाइल नुसती डबल-क्लिक करून चालणार नाही, घरी तपासायला पायथॉनचा छोटा एचटीटीपी सर्व्हर लाव.

अवांतर: फाइलींची इंग्रजी नावं सगळी लहान अक्षरांत ठेव. विंडोजला मोठा 'पी' आणि लहान 'पी' सारखेच, त्यामुळे एडिटरमध्ये चित्र दिसतं आणि एक्स्पोर्ट केलेल्या गेममध्ये गायब होतं.