सेवेतील शिक्षकांना टीईटी : ही परीक्षा नेमके काय मोजते?

प्राथमिक शिक्षिका, धारणी तालुका (मूळ मुद्दा)

सर्वोच्च न्यायालयाच्या 1 सप्टेंबर 2025 च्या निकालानुसार, निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या जुन्या शिक्षकांनाही दोन वर्षांच्या आत शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावे लागणार आहे, अन्यथा सेवेत राहता येणार नाही. मी 2006 पासून दोनशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत शिकवते. 23 नोव्हेंबर 2025 ची परीक्षा मी दिली. उत्तरसूची ताडून पाहिली तेव्हा माझे गुण 78 भरले, आणि खुल्या प्रवर्गाला 150 पैकी 90 लागतात. तेव्हापासून रात्रीची जेवणे आटोपली की पुन्हा तीच पुस्तके उघडते, आणि पाने उलटताना इतक्या वर्षांच्या कामाचा कोणीतरी अपमान करीत आहे असे वाटत राहते.

परीक्षा नको, असे माझे म्हणणे नाही. ती जे मोजते, त्याला माझा आक्षेप आहे. आमच्याकडे पहिलीत येणारे मूल घरून कोरकू ही आदिवासी भाषा बोलत येते. मागच्या वर्षी एक मुलगी दीड महिना वर्गात तोंडातून शब्द काढत नव्हती. एके दिवशी तिच्यासमोर चिंचोके मांडून मी ‘मिया’ म्हटले, तर ती बोट ठेवीत ‘बारी, आफई’ असे पुढे मोजू लागली, आणि त्याच चिंचोक्यांवर पुढे ‘एक, दोन, तीन’ शिकली. मात्र पाटीवर 3 + 2 लिहून दिले की ती आजही गप्प बसते, चिंचोके हाती दिले की लगेच पाच सांगते. हे ओळखण्याला 150 प्रश्नांत गुण कुठे आहेत? मराठीला 30 गुण, इंग्रजीला 30 गुण, कोरकूचा मात्र एकही प्रश्न नाही. मानसशास्त्रज्ञ पियाजेने सांगितलेली मुलांच्या विचारवाढीची कोणती अवस्था कोणत्या वयात येते, हे चार पर्यायांतून निवडता आले म्हणजेच मी पात्र ठरते का?

डी.एड.धारक, घाटंजी तालुका

मॅडम, त्या मुलीचा प्रसंग वाचून तुमच्याविषयी आदर वाढला, पण तुमचा निष्कर्ष मला पटला नाही. सात ते अकरा वर्षे ही पियाजेची मूर्त क्रियात्मक अवस्था. त्या वयातही वस्तू डोळ्यांसमोर असली तरच मुलाचा विचार चालतो, मग पहिलीतली मुलगी तर त्याहूनही लहान आहे. चिंचोके हाती असताना येणारे उत्तर पाटीवर का येत नाही, याचा उलगडा तिथेच आहे. तुम्हाला हे अनुभवातून सापडले, परंतु प्रत्येक शाळेला तुमच्यासारखी शिक्षिका मिळत नाही. नव्याने लागलेल्या शिक्षकाला पहिल्याच वर्षी हे माहीत असावे, अशी अपेक्षा करण्यात काय चूक आहे?

मी 2021 मध्ये चार गुणांनी नापास झालो आणि 2024 मध्ये उत्तीर्ण झालो. मधली वर्षे कपाशीची वेचणी आणि तुरीची सोंगणी करून काढली. एका खासगी संस्थेत जागेची चौकशी करायला गेलो, तेव्हा माझ्या गुणांआधी रकमेचा आकडा निघाला. माझ्यासारख्या शेतमजुराच्या मुलाकडे दाखवायला केवळ परीक्षेचे गुण आहेत, म्हणून ती परीक्षा निरुपयोगी आहे असे कोणी म्हटले की मला फार लागते.

पालक, चिखलदरा तालुका

सर, तुम्ही तुमच्या बाजूने योग्य बोलत आहात, पण आमच्या गावात काय घडते तेही पाहावे. दोन शिक्षकांपैकी एकाकडे मतदारयादीचे काम असते आणि दुसरे गुरुजी मधल्या सुट्टीत मार्गदर्शक पुस्तक घेऊन बसतात. परीक्षा रविवारी असली तरी हरिसाल, सेमाडोहच्या घाटाने अमरावती गाठायची म्हणून ते शनिवारीच निघतात. गुरुजींचे मन वर्षभर नोकरी राहील की जाईल याच घोरात असेल, तर माझ्या मुलाकडे कोण पाहणार?

निवृत्त केंद्रप्रमुख, यवतमाळ जिल्हा

ताई, तुमचा त्रास मला समजतो, तरीही मी या परीक्षेच्या बाजूने आहे. शिक्षण हक्क कायदा 2009 चा आहे, पात्रता परीक्षेची अट 23 ऑगस्ट 2010 च्या अधिसूचनेने आली आणि आपल्या राज्यात पहिली परीक्षा 2013 मध्ये झाली. आधी लागलेल्यांना ही अट नाही, असे आम्हीच बैठकांमधून सांगत राहिलो, त्यामुळे तुम्ही गाफील राहिलात, ही चूक तुमची नाही. निवृत्तीला पाच वर्षांहून कमी काळ असलेल्यांना न्यायालयाने पदोन्नतीवाचून का होईना, सेवा पूर्ण करण्याची सवलत दिली आहे. मात्र शाळाभेटींमध्ये पाचवीच्या वर्गावर अपूर्णांकांचा भागाकार चुकीचा शिकवणारे शिक्षक मी स्वतः पाहिले आहेत, आणि त्यांच्या सेवापुस्तिकेत त्याची एक ओळही नव्हती.

प्राथमिक शिक्षिका, धारणी तालुका

पियाजेविषयी डी.एड.धारक भाऊंचे म्हणणे मला मान्य आहे. तो भाग मी आज पुन्हा वाचला आणि प्रथमच त्या मुलीचा चेहरा डोळ्यांसमोर आला. परंतु ही सांगड तुम्ही घालून दिलीत. माझ्या पुस्तकात केवळ अवस्थांची नावे आणि वयाचे रकाने आहेत, आणि प्रश्नही तेवढेच विचारतो. गणितात मला 30 पैकी 11 गुण मिळाले. अभ्यासक्रम पहिली ते पाचवीचा असला तरी काठिण्य पातळी दहावीपर्यंत जाते, आणि चक्रवाढ व्याजाशी माझा संबंध सुटून पंचवीस वर्षे झाली. ते शिकवणारे येथे कोणी नाही, आणि अमरावतीच्या शिकवणीला जायचे तर शाळा बंद ठेवावी लागेल. आम्हाला मुदत वाढवून मिळावी, एवढेच मागणे आहे.

डी.एड.धारक, घाटंजी तालुका

मुदतवाढीला माझा विरोध कायम आहे, कारण ती एकदा मिळाली की दुसऱ्यांदा मागितली जाईल आणि दरम्यान आमच्या वयाची मर्यादा ओलांडून जाईल. परंतु प्रत्येक केंद्रशाळेत महिन्यातून दोन शनिवारी दुपारच्या वेळी गणिताचे वर्ग घ्यावेत, असे निवेदन तुम्ही जिल्हा परिषदेला देणार असाल, तर त्यावर मी सही करीन, आणि आमच्या तालुक्यात असे वर्ग सुरू झाले तर गणित शिकवायलाही येईन.