पावसात आणि घाटात क्रूझ कंट्रोल बंदच ठेवा

पावसात गाडीचा क्रूझ कंट्रोल, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता ठरवलेला वेग टिकवणारी सोय, लावावा का, असा एक प्रश्न आलाय. माझं स्पष्ट मत: अजिबात नको. साचलेल्या पाण्यावर टायर तरंगायला लागले की पकड सुटते. अशा वेळी ॲक्सिलरेटर अलगद सोडायचा असतो आणि क्रूझ मात्र वेग टिकवायलाच बघतो.

घाटातही तेच. साधा क्रूझ इंजिनचा जोर कमी-जास्त करतो, बहुतेक गाड्यांत ब्रेक लावत नाही. तीव्र उतारावर ८० ला सेट केलेली गाडी सहज ९० च्या पुढे जाते. तिथे खालचा गिअरच बरा.

समृद्धीसारख्या मोकळ्या रस्त्यावर मात्र जरूर वापरा. हव्या त्या वेगाला पोचलात की सेट दाबायचं, ब्रेक किंवा क्लच दाबला की सुटतो. खरी काळजी रिझ्यूमची, म्हणजे आधी सेट केलेला वेग परत आणणाऱ्या बटणाची. टोलनाक्यावरून निघून ५० वर असताना ते दाबलंत तर गाडी थेट आधीच्या १०० कडे धावते, आणि साध्या क्रूझला पुढचा ट्रक दिसत नाही! आधी स्वतः वेग वाढवा, रस्ता मोकळा आहे ना बघा, मगच दाबा. आणि कृपया, उजवा पाय ब्रेकजवळच असू द्या. मांडी घालून बसणारे पाहिलेत मी.