मानवी हक्क, सामाजिक न्याय – पाचवी ते आठवीच्या मुलांसाठी कोणती पुस्तकं घ्यावीत?

वाचनपेटी

आठवड्यातून एकदा भरणाऱ्या वाचनवर्गासाठी पुस्तकं निवडायची आहेत. मुलं ४०, पाचवी ते आठवी, सगळी मराठी माध्यमाची. वेळ ५० मिनिटं. हाताशी एकूण ८,००० रुपये. विषय: जात, मुलगी म्हणून होणारा भेद, अपंगत्व, कामाला जुंपलेली मुलं.

दुकानात बहुतेक दोनच प्रकार दिसतात. एक थोरांची चरित्रं, दुसऱ्या 'सर्वांशी प्रेमाने वागा' छापाच्या बोधकथा. चरित्र वाचून मुलं सनावळी पाठ करतात, बोधकथा वाचून तात्पर्य लिहितात. 'हा माझा हक्क आहे' हे दोन्हींतून पोचत नाही. नेमकी नावं, किती प्रती, कुठलं पुस्तक कोणत्या वयाला आणि वाचताना कुठे फसतं, हे जाणकारांनी सांगावं.

---

खडूफळा

आधी एक चाचणी सांगतो, ती दुकानात उभ्या उभ्या करता येते. पुस्तक मधेच उघडा आणि अन्यायाचं वाक्य शोधा. 'त्यांना पाणी मिळत नसे', 'तिला शाळेत जाता आलं नाही' असं लिहिलं असेल तर विचारा, पाणी कोणी अडवलं? शाळेत कोणी जाऊ दिलं नाही? वाक्यातला कर्ताच गायब असेल तर अन्याय पावसासारखा वरून पडल्यासारखा वाटतो. मुलं हळहळतात आणि पान उलटतात. दुसरी खूण शेवटी असते. प्रश्न सुटतो तो कुणा मोठ्या माणसाला दया आली म्हणून, की मुलांनी काही केलं म्हणून? दयेवर संपणारं पुस्तक ठेवून द्या.

या चाचणीत उत्तम उतरणारं पुस्तक म्हणजे महाश्वेता देवींचं 'द व्हाय-व्हाय गर्ल' (तूलिका, चेन्नई). नायिका मोयना, शबर आदिवासी, दहा वर्षांची, बाबूंच्या (गावातल्या जमीनदारांच्या) शेळ्या राखते. बाबूंनी दिलेल्या भाताबद्दल आभार का मानायचे, असा तिचा प्रश्न. गोठा मी झाडते, त्यांची शंभर कामं मी करते, ते कधी माझे आभार मानतात का? पुढे ती शाळेच्या वेळेवर बोट ठेवते. सकाळी मी शेळ्यांमागे असते, अकराच्या आधी येऊ शकत नाही, मग शाळेची वेळ का बदलत नाही? पाचवी-सहावीच्या वर्गात इथे थांबायचं आणि विचारायचं, 'आपल्याकडे कुठली वेळ कोणाच्या सोयीने ठरली आहे?' पाण्याचा टँकर, बस, ग्रंथालय, सगळं बाहेर येतं. इंग्रजी प्रत हातात धरून चित्रं दाखवत मराठीत सांगितलं तरी चालतं, मजकूर थोडा आहे.

अपंगत्वासाठी 'तोत्तोचान', एका जपानी मुलीच्या शाळेच्या आठवणी, नॅशनल बुक ट्रस्टने मराठीत काढलेल्या. आख्खं वाचून घेऊ नका, दोनच प्रकरणं घ्या. पहिलं, पोलिओ झालेल्या यासुआकीला तोत्तोचान झाडावर चढवते ते. साधी शिडी डुगडुगते, त्याला जमत नाही. मग ती दुपायी घोडा-शिडी ओढत आणते आणि खालून त्याचा एकेक पाय पायरीवर ठेवत जाते. दुसरं, खेळाच्या दिवसाचं. मुख्याध्यापक कोबायाशी शर्यतीच अशा आखतात की ठेंगण्या ताकाहाशीचं शरीर तिथे उपयोगी पडावं. पायऱ्या एकेक करूनच चढायच्या, लांब ढांगा टाकायच्या नाहीत. सगळ्या शर्यती तोच जिंकतो. मुलांनी हे लक्षात घ्यायला हवं की ताकाहाशीला कुणी मुद्दाम जिंकू दिलेलं नाही. नियम बदलले आणि तो खरोखरच जिंकला. अपंगांच्या हक्काचा सगळा गाभा या फरकात आहे. 'बिच्चारा' हा शब्द वर्गात आला की याच पानावर परत यावं.

---

उंबरठा

जातीच्या विषयासाठी डॉ. आंबेडकरांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींतला पहिला प्रसंग घ्या, १९०१ चा. लहानगे आंबेडकर आणि सोबतची मुलं साताऱ्याहून रेल्वेने मसूरला उतरतात, वडिलांकडे गोरेगावला जायला. नवे कपडे, जरीच्या टोप्या. आधी आपुलकीने चौकशी करणारा स्टेशनमास्तर 'आम्ही महार' हे ऐकताच पाच पावलं मागे सरकतो. बैलगाडीवाला दुप्पट भाडं घेतो, तरी गाडी मुलांनी हाकायची, हा बाजूने चालणार. सोबत जेवण आहे, पण पाणी कोणी देत नाही, म्हणून जेवताही येत नाही. आंबेडकरांचं तेव्हाचं वय नऊ-दहा, म्हणजे तुमच्या पाचवीतल्या मुलांएवढंच.

हा प्रसंग २०-२५ मिनिटांत वाचून होतो. त्यावर गोंड शैलीच्या चित्रांचं 'भीमायन' हे पुस्तक आहे (नवयान, २०११, चित्रं दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम). त्याची एकच प्रत घ्या, पण नक्की घ्या. त्यात चौकटी सरळ नाहीत. प्रेमाच्या बोलण्याचे फुगे पक्ष्याच्या आकाराचे आहेत आणि विषारी बोलण्याच्या फुग्यांना विंचवाची नांगी आहे. ही खूण मुलांना सांगू नका, त्यांची त्यांना सापडू द्या. सापडली की ती मागची पानं पुन्हा तपासू लागतात, कोण कसं बोललं होतं ते.

त्यानंतरचा तास महाडचा. इथे गोष्टीपेक्षा तारखांची पट्टी जास्त काम करते. कार्डशीटच्या पाच पट्ट्या करा आणि दोरीवर अडकवा.

१९२३: सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करावेत, हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर.
१९२४: चवदार तळं खुलं असल्याचा महाड नगरपालिकेचा ठराव.
२० मार्च १९२७: प्रत्यक्ष पाणी प्यायलं गेलं. त्याच दिवशी सत्याग्रहींवर हल्ला, पुढे तळ्याचं 'शुद्धीकरण'.
डिसेंबर १९२७: दिवाणी न्यायालयाचा मनाई हुकूम. २५ तारखेला मनुस्मृतीचं दहन.
१७ मार्च १९३७: उच्च न्यायालयाचा निकाल सत्याग्रहींच्या बाजूने.

मुलांना एकच प्रश्न, '१९२४ ला तळं खुलं झालं, मग १९२७ पर्यंत पाणी का प्यायलं नाही?' 'भीती', 'मारतील', 'कोणीतरी पहिलं जायला पाहिजे' अशी उत्तरं येतात. कागदावरचा हक्क आणि हातातला हक्क यांतलं अंतर समजावायला याहून सोपं साधन नाही.

---

नीलमोहर

उंबरठा, छोटी दुरुस्ती: बोले यांची आद्याक्षरं सी. के. नव्हे, एस. के. सीताराम केशव बोले. पट्टीवर चुकीचं जायला नको.

दलित आणि भटक्या-विमुक्त लेखकांच्या आत्मकथनांबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. 'बलुतं' (१९७८), 'उपरा' (१९८०), 'उचल्या' (१९८७), 'आयदान' (२००३) ही पुस्तकं कपाटात हवीतच, पण आठवीपर्यंत आख्खी हातात देऊ नका. मोठ्यांसाठी लिहिलेली आहेत, हिंसा आणि लैंगिक तपशील थेट आहे. सातवी-आठवीला शाळेचे प्रसंग दोन-तीन पानं निवडून घ्या. 'उपरा' आणि 'उचल्या' घेताना १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आधी दोन वाक्यांत सांगा: जन्माला येताच गुन्हेगार ठरवणारा कायदा, तो रद्द झाला १९५२ मध्ये. हे माहीत नसेल तर मुलं पोलिसांचा छळ वाचून 'मग यांनी काहीतरी केलंच असेल' म्हणतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हे उतारे मोठ्या माणसाने वाचायचे, मुलांकडून मोठ्याने वाचून घ्यायचे नाहीत. मजकुरात जातीचं नाव शिवीसारखं येतं. वाचणारं मूल तिथे अडखळतं, आणि वर्गातल्या माना एका ठरावीक बाकाकडे वळतात. त्या बाकावरच्या मुलासाठी तास तिथेच संपतो. त्याच कारणाने 'तुमच्याकडे असं होतं का रे?' असं कुणा एकाला विचारायचं नाही, आणि 'तू अस्पृश्य, तू सवर्ण' अशी नाटुकली तर मुळीच करायची नाहीत. ज्यांना हे घरी सोसावं लागतं त्यांना ते वर्गात पुन्हा सोसायला लावणं होय.

मुक्ता साळवेचा निबंध मात्र आठवीला जरूर घ्या. १८५५ साली 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आलेला, फुल्यांच्या शाळेतल्या चौदा वर्षांच्या मांग मुलीने लिहिलेला. तुमच्या आठवीतल्या मुलीच्या वयाची मुलगी धर्माला, राज्यकर्त्यांना आणि स्वतःच्या लोकांना प्रश्न विचारते. भाषा जुनी आहे, म्हणून डावीकडे मूळ आणि उजवीकडे आजच्या मराठीत, असे दोन रकाने करून एकच परिच्छेद द्या. बाळंत होणाऱ्या बायकांच्या डोक्यावर छप्परही नसे, तो परिच्छेद घ्या. त्यात जात आणि बाईपण दोन्ही एकत्र दिसतं. कापलेल्या शिरांचा चेंडू केल्याचा जो भाग आहे, तो लहान गटाला नको.

---

उंबरठा

नीलमोहर, बरोबर. एस. के. बोलेच. धन्यवाद.

---

छापखाना

पैशांचं बघू. ४० मुलांना ४० वेगळी पुस्तकं घेतलीत तर चर्चा होणार नाही, एकाच पुस्तकाच्या ४० प्रती घेतल्यात तर पैसे संपतील. चार मुलांत एक प्रत धरा, म्हणजे १० प्रती. विकत घेऊन असे संच तीनच करा, बाकी पुस्तकं एकेक प्रत आणि वाचून दाखवायची.

उरलेलं फुकट मिळतं. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर (२०१५ पासून) मराठी गोष्टी आहेत, क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याच्या. छापायला, वाटायला परवानगी लागत नाही, फक्त लेखक, चित्रकार, अनुवादक यांच्या नावांचं पान काढू नका. बालभारतीच्या 'किशोर'चे १९७१ पासूनचे जुने अंक बालभारतीने ऑनलाइन खुले केले आहेत, त्यातूनही निवडता येतं. साने गुरुजींचं लेखन आता स्वामित्वहक्कातून मुक्त आहे. विकतच्या पुस्तकांच्या झेरॉक्स मात्र काढू नका. हक्कांच्या वर्गात लेखकाचा हक्क बुडवायला नको.

छापताना चुका ठरलेल्या. पानसंख्या चारच्या पटीत हवी, १४ पानांची गोष्ट असेल तर दोन कोरी पानं जोडून १६ करा. १६ पानं म्हणजे ए-फोरचे ४ कागद, मधोमध दुमडून. प्रिंटरमध्ये 'बुकलेट' निवडा आणि पलटणं आखूड कडेवर ठेवा, लांब कडेवर ठेवलंत तर निम्मी पानं उलटी येतात. आधी एकच प्रत काढून बघा. मधल्या घडीवर लांब हाताचा स्टेपलर नसेल तर दाभणाने तीन भोकं पाडून जाड दोऱ्याने शिवा, तेच जास्त टिकतं. काळ्या-पांढऱ्या छपाईत गडद चित्रांवरचा मजकूर वाचता येत नाही, तशा गोष्टी टाळा.

---

वाचनपेटी

सगळ्यांचे मनापासून आभार. अजून दोन शंका. 'जातीचा विषय मुलांपुढे कशाला काढता' असं पालक म्हणाले तर काय करावं? आणि १० डिसेंबरला, मानवी हक्क दिनी, कोणता मजकूर घ्यावा?

---

नीलमोहर

पालकांना पहिल्याच बैठकीत मुलांचं बालभारतीचं पाठ्यपुस्तक उघडून दाखवा. संविधानाची उद्देशिका त्यात छापलेली असते, सामाजिक न्याय हा शब्द तिच्यातच आहे. अनुच्छेद १७ अस्पृश्यता नष्ट करतो, तोही वाचा. निवडलेली पुस्तकं टेबलावर मांडून ठेवा, चाळू द्या. यादी लपवली की संशय वाढतो.

१० डिसेंबरसाठी संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातली सगळी ३० कलमं घेऊ नका, मुलं कंटाळतात. एकाच शब्दाची गोष्ट घ्या. १९४८ च्या त्या जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमाच्या मसुद्यात इंग्रजीत 'सगळे पुरुष' असाही अर्थ निघेल असा शब्द होता. भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी आग्रह धरला आणि तिथे 'सगळी माणसं' असा शब्द आला. मग मुलांना शाळेतल्या पाट्या, सूचना, अर्ज आणायला सांगा आणि असे शब्द शोधायला लावा. 'पालकांचे नाव' या ओळीत फक्त वडिलांना जागा आहे का, इथून सुरुवात होते.

---

खडूफळा

एक तयारी पहिल्या तासाआधीच हवी. असं वाचन सुरू झालं की एखादं मूल स्वतःवरचा प्रसंग सांगतं, बहुधा तास संपल्यावर, दप्तर भरता भरता. 'कोणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नका. वर्गासमोर बोलायला लावू नका, खोदून खोदून विचारू नका, त्याच्याच शब्दांत तारीख-वेळेसह लिहून ठेवा. लैंगिक अत्याचाराचं असेल तर २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे. १०९८ हा बालकांसाठीचा मोफत क्रमांक वाचनवर्गाच्या दारावर, मुलांच्या नजरेच्या उंचीवर लावून ठेवा.