मदत हवी आहे: आयकॅनच्या बोर्डावरच्या लिएझनबद्दल अभिप्राय काय लिहू?

मंडळी, आयईटीएफतर्फे (इंटरनेटचे तांत्रिक नियम, म्हणजे प्रोटोकॉल, ठरवणारी संघटना) आयकॅनच्या (इंटरनेटवरची नावं आणि पत्ते सांभाळणारी संस्था) बोर्डावर जो लिएझन, म्हणजे दुवा साधणारा प्रतिनिधी, जातो तो आयएबी (आयईटीएफच्या कामावर देखरेख ठेवणारी समिती) निवडते, आणि उमेदवारांबद्दल लोकांचा अभिप्राय मागवते, तर मी लिहायला बसलोय आणि दोन ओळींवरच अडकलोय. बोर्डावर १६ जणांना मत, ४ लिएझन बिनमताचे, नुसतं बोलायचं. मग बघायचं काय? एकजण डीएनएसमध्ये (वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी यंत्रणा) पक्का मुरलेला पण मीटिंगमध्ये तोंड उघडत नाही, दुसरा बोलायला पटाईत पण आरएफसी २८६० हा दस्तऐवज म्हटलं की गडबडतो (अहो, प्रोटोकॉलमधले क्रमांक आणि नावं नोंदवणाऱ्या आयानाच्या कामाचा २००० सालचा करारच तो!). मला पहिला बरा वाटतो, पण गप्प बसणारा लिएझन काय कामाचा? कुणी असा अभिप्राय दिलाय का आधी, नेमकं काय लिहिलंत?