मदत हवी आहे : दोन मांजरं, एक ट्रे, चार दिवसाआड पाणी आणि सोलापूरचा मे महिना

गड्ड्याचा_मालक

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथं नुसतं वाचत होतो, आज लिहायची वेळ आली कारण घरात आता एक तर मांजरं राहतील नाहीतर मी, असं आईनं सांगून टाकलंय आणि आवाजावरून वाटतंय की जाणार मीच.

घरात दोन मांजरं आहेत. चटणी चार वर्षांची, नसबंदीचं ऑपरेशन झालेली, शहाणी. आणि गड्डा. हा यंदा संक्रांतीत सिद्धेश्वरच्या गड्डा यात्रेहून परत येताना पार्किंगमध्ये एका स्कूटरखाली सापडला, तळहाताएवढा होता, म्हणून नाव गड्डा. आता सहा-सात महिन्यांचा धटिंगण झालाय. दोघंही पूर्ण घरात असतात, कारण आम्ही रोडला लागून राहतो आणि आधीचं एक मांजर गाडीखाली गेलंय, त्यामुळे बाहेर सोडा हा सल्ला कृपया देऊ नका.

त्यांच्या शी-शूचा ट्रे एकच आहे, गॅलरीत, पत्र्याखाली. माती बेंटोनाइटची, गोळे होतात ती. पहिली तीन वर्षं चटणी एकटी असताना काहीच त्रास नव्हता. आता या उन्हाळ्यात वास असा सुटलाय की डोळ्याला झोंबतो, खरंच झोंबतो, कांदा चिरल्यासारखा. बाहेर पारा ४३ ला, त्यात वरून पत्रा. शेजारच्या अक्का तेलुगू आहेत, त्या आधी "पिल्ली पिल्ली" करत भाताचा घास घेऊन यायच्या (तेलुगूत मांजराला पिल्ली म्हणतात, आम्हाला वर्षभर वाटत होतं पिल्लू म्हणतायत), त्या आता पदर नाकाला लावून दारातूनच बोलतात.

धुवायचं म्हणाल तर आमच्याकडं नळाला चार दिवसाआड पाणी, कधी पाचवा दिवस पण उजाडतो. ट्रे घासून धुवायचा तर मोठी बादली जाते आणि ती बादली मोजून भरलेली असते. तरी मी वासापायी दर दोन दिवसाला माती फेकून फिनेलनं ट्रे धुवायलोय. पाच किलोची पिशवी साडेतीनशेच्या वर पडते, महिन्याचा हिशोब बायकोला सांगितलेला नाही.

आणि आता मुख्य दुखणं. गेल्या आठवड्यापासून गड्डा ट्रेमध्ये जाईना. परवा मी मुद्दाम बसून बघितलं. आला, एक पाय ट्रेत ठेवला, ओला चिखल लागल्यासारखा झटकला, वास घेतला, माझ्याकडं बघितलं, आणि शांतपणे आत जाऊन पलंगावर घडी घालून ठेवलेल्या चादरीवर बसला. मशीनच्या चादरीवर नाही हो, आजीच्या वेळची हातमागाची सोलापुरी चादर, आईनं जीव की प्राण करून ठेवलेली. तीवर. मी पळेपर्यंत काम झालं होतं.

काय चुकायलंय सांगा. कमी पाण्यात ट्रे स्वच्छ कसा ठेवायचा आणि ह्याला परत ट्रेवर कसं आणायचं?

ता.क. माती चेंबरमध्ये ओतायची चूक करून बसलोय, दोन दिवसात चेंबर सिमेंट ओतल्यासारखं बंद झालं. तो विषय झालाय, घरमालक बोलायचं ते बोललेत, परत काढू नका.

कडक_भाकरी

दादा, चेंबरचा विषय काढणार नाही पण हसू आवरलं नाही. मी वायरमन आहे, ते बेंटोनाइट आम्ही अर्थिंगच्या खड्ड्यात टाकतो, पाणी धरून ठेवतं म्हणून. कच्छकडून येतं. आपली काळी रानातली माती बघा, पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, जात तीच. पाणी लागलं की फुगणारच, चेंबरची काय चूक.

आमच्याकडं अर्थिंगच्या कामातली उरलेली पोती पडलेली असतात, ती मांजराला चालतील का? फुकटात काम होईल तुमचं.

बोक्याची_आई

अर्थिंगचं बेंटोनाइट नको, ते पिठासारखं बारीक असतं. उकरताना मांजराच्या नाकातोंडात जाणार आणि तुमच्याही. ट्रेसाठी दाणेदारच पाहिजे.

गड्ड्याचे मालक, सगळ्यात आधी एक सांगा, बाकी सगळं नंतर. गड्डा बोका आहे. तो लघवीला बसतो तेव्हा नीट धार होते का? का सारखा सारखा बसतो, कण्हतो, मागं चाटत राहतो आणि थेंब-दोन थेंबच येतात? बोक्यांची मूत्रनळी फार अरुंद असते, ती तुंबली तर एक-दोन दिवसात जिवावर बेतू शकतं. तसं काही असेल तर धागा बंद करा आणि आत्ता गाडी काढून डॉक्टरकडं जा, रात्र असली तरी. माझा पहिला बोका मी असाच "ट्रे आवडत नसेल" म्हणत दीड दिवस घरात ठेवला होता. वाचला, पण नशिबानं.

दुसरं, चादरीवर बसून केलं की उभं राहून, शेपटी वर करून भिंतीवर फवारा मारला?

गड्ड्याचा_मालक

बापरे, हे डोक्यातच नव्हतं. आज दिवसभर त्याच्यामागं फिरलो, ऑफिसला दांडी. नीट बसतो, धार व्यवस्थित, चादरीवर भाकरीएवढा डाग होता म्हणजे भरपूरच झाली. कण्हणं नाही, खाणं जोरात चालू आहे. फवारा नाही, बसूनच केलं. संध्याकाळी ट्रेत पण एकदा गेला, पण नुसता कडेला उभा राहून, चारही पाय कडेवर, सर्कशीसारखा. खाली पाय टेकवायचाच नाही असं ठरवल्यासारखं.

बोक्याची_आई

चला, जीव भांड्यात पडला. मग तुमचा गुन्हेगार फिनेल आहे, लिहून देते. काळं असो नाहीतर पाण्यात टाकल्यावर दुधासारखं होतं ते पांढरं, त्यात फिनॉल नाहीतर पाईन ऑइल असतं. मांजराच्या लिव्हरला ह्या गोष्टी आपल्यासारख्या पचवून बाहेर टाकता येत नाहीत. पायाला लागतं, पाय ती चाटतात, पोटात जातं. तुम्हाला जो वास "स्वच्छ" वाटतो तो त्याला हाकलून लावतो. पाय झटकला म्हणता ना, तेच. फिनेल आजपासून बंद, मांजराच्या खोलीतली फरशी पण त्यानं पुसू नका. आणि कोणी ब्लीचिंग पावडर सुचवली तर अजिबात नाही, लघवीतल्या अमोनियाशी मिळून विषारी वायू होतो. बंद गॅलरीत तर नकोच.

ट्रेला भांड्याचा साधा साबण, तो पण लिंबाच्या वासाचा नको. बास.

पेठेतला_पुणेकर

सर्व समस्यांचे मूळ एकच ट्रे हे आहे. मांजरे जितकी, त्याहून एक ट्रे जास्त, हा नियम आहे. म्हणजे तुम्हाला तीन. एका संडासात दोन कुटुंबे तुम्ही तरी चालवून घ्याल का?

गड्ड्याचा_मालक

साहेब, आम्ही लहानपणी चाळीत अकरा कुटुंबं एका संडासात चालवून घेतलीयत. पण मुद्दा कळला. तीन ट्रे ठेवायला जागा कुठनं आणू?

उन्हात_वाळलेली

मी विजापूर रोडला राहते, तीन मांजरं, पाण्याचं रडगाणं तेच, त्यामुळे मी माझं सांगते.

तुम्ही उलटं करताय. धुताय जास्त आणि उचलताय कमी. ट्रे स्वच्छ ठेवायला पाणी फार लागतच नाही, चाळण लागते. जाळीचा चमचा मिळतो, तो घ्या आणि सकाळी एकदा, रात्री जेवणं झाल्यावर एकदा, गोळे आणि शी काढून टाका. लघवी पडून राहिली की जंतू तिच्यातल्या युरियाचा अमोनिया करतात, तुमच्या डोळ्याला झोंबतोय तो हाच, आणि उन्हाळ्यात हे काम झपाट्यानं होतं. गोळा सकाळीच बाहेर गेला तर दुपारच्या ४३ डिग्रीत शिजायला ट्रेमध्ये काही उरतच नाही. माती पूर्ण फेकायची गरज मला तीन-तीन आठवडे पडत नाही, जेवढी कमी होते तेवढी वरून घालायची. दर दोन दिवसाला सगळी फेकता म्हणजे तुम्ही दुकानदाराचं घर बांधून देताय.

थर किती ठेवता? दोन-अडीच इंच पाहिजे. पातळ थर असला की लघवी खाली तळाला जाऊन चिकटते, मग ते खरवडावं लागतं, मग पाणी, मग तुमचं फिनेल. सगळं तिथनंच सुरू होतं.

धुवायचा दिवस म्हणजे नळ येतो तो दिवस. माझी पद्धत अशी, आधी सुकं खरवडून जुन्या पेपरनं पुसून घेते. मग फिल्टरचं जे वाया जाणारं पाणी असतं ते साठवलेलं असतं, त्यातले दोन-तीन मग आणि साबण. शेवटी एक मग चांगलं पाणी. मग गच्चीत पालथा. पुण्या-मुंबईच्या लोकांना ट्रे वाळवायला फॅन लावावा लागत असेल, आपल्याकडं चहा होईस्तोवर कोरडा ठणठणीत. उन्हाचा तेवढा एक तरी उपयोग. ते धुतलेलं पाणी मात्र कढीपत्ता, कोथिंबीर असल्या खायच्या झाडांना घालू नका.

गॅलरीतला ट्रे उचला. पत्र्याखाली दुपारी आपण पाय ठेवत नाही, तो कसा ठेवेल. मी एक बाथरूमच्या कोपऱ्यात ठेवलाय आणि एक पलंगाच्या पायथ्याशी. वॉशिंग मशीनच्या शेजारी नको, दचकतात. जेवणाच्या वाटीजवळ पण नको. आणि तीन जमत नसतील तर दोन तरी करा, नुसते दोन शेजारी-शेजारी नाही, दोन वेगवेगळ्या जागी, नाहीतर चटणी एकाच ठिकाणी बसून दोन्हीवर पहारा ठेवेल. दुकानातले महागडे ट्रेच पाहिजेत असं नाही, भांड्याच्या दुकानातलं पसरट प्लास्टिकचं टब चालतं, मांजराच्या लांबीच्या दीडपट असलं म्हणजे झालं. जुना ट्रे ओरखडे पडून खरबरीत झाला असेल तर टाकून द्या, त्या चिरांत वास मुरलेला असतो, कितीही घासा.

तिखट_शेंगा

शेंगाच्या टरफलांचा भुसा करून वापरला तर? आमच्याकडं चटणीच्या धंद्यामुळं पोत्यानं पडतो 😄

उन्हात_वाळलेली

मी लाकडाच्या वखारीतला भुसा वापरून बघितलाय, घरभर पायाला लागून फिरतो आणि वास धरत नाही. त्यापेक्षा दाबून केलेले लाकडाचे पेलेट मिळतात ते बरे, ओले झाले की त्यांचाच भुसा होतो, तो खाली गाळायचा. टरफलांचं तुम्ही करून सांगा, पण मुंग्या लागल्या तर मला शोधत येऊ नका.

पेठेतला_पुणेकर

एक महत्त्वाचे राहिले. घरात कोणी गरोदर असेल तर ट्रेचे काम दुसऱ्याने करावे, किंवा हातमोजे घालून. मांजराच्या शीतून टॉक्सोप्लाझ्मा हा गर्भाला बाधू शकणारा परजीवी पसरू शकतो. तो शी पडल्यापासून साधारण एक ते पाच दिवसांनी संसर्ग करण्याजोगा होतो, म्हणून रोज उचलणे हाच उपाय. घरातच राहणाऱ्या आणि कच्चे मांस न खाणाऱ्या मांजरात शक्यता कमी असते, त्यामुळे घाबरून मांजर हाकलू नये.

बोक्याची_आई

आणि गड्ड्याचं ऑपरेशन उरकून घ्या. आज बसून करतोय, पण सहा-सात महिने म्हणजे वयात आला, उद्या पडद्यांवर फवारे सुरू झाले तर तो वास ह्या वासाला सासू वाटेल. ऑपरेशननंतर बहुतेक बोके ते सोडतात.

चादरीचं, गरम पाणी नको. गार पाण्यात भिजवा, मग पांढरं व्हिनेगर पाण्यात अर्धं-अर्धं करून लावा, अर्ध्या तासानं धुवा. हातमागाची आहे तर आधी एका कोपऱ्यावर लावून रंग जातो का बघा. एन्झाइमवालं क्लीनर मिळालं तर उत्तम. वास आपल्याला गेला तरी त्याला येतो, आणि जिथं येतो तिथं तो परत जातो.

गड्ड्याचा_मालक

मंडळी, बारा दिवसांनी येतोय, उशिराबद्दल माफी.

फिनेलची बाटली अक्कांना देऊन टाकली. बोहारणीकडनं दोन पसरट टब घेतले, आईच्या दोन जुन्या साड्या गेल्या, तिनंच काढून दिल्या. एक बाथरूममध्ये, एक माझ्या टेबलाखाली. थर आता बोट पेरापेरानं मोजून घालतोय. पहिले दोन दिवस गड्डा टेबलाखालच्या ट्रेकडं नुसता लांबून बघायचा. तिसऱ्या रात्री अकराला मी लॅपटॉपवर असताना पायाखालून खर्र खर्र आवाज आला. मी श्वास रोखून बसलो. भरपूर उकरलं, बसला, झाकलं, परत उकरून परत झाकलं, आणि बाहेर येऊन माझ्या चपलेवर पाय पुसला. तेव्हापासून चादरीकडं गेलेला नाही. चटणीनं बाथरूमचा ट्रे आपल्या नावावर करून घेतलाय.

माती अजून पहिलीच चालू आहे, वरून दोनदा घातली तेवढंच. गोळे पेपरात गुंडाळून घंटागाडीत. पाणी, खरं सांगतो, ह्या बारा दिवसात ट्रेसाठी अर्धी बादली पण गेली नसेल. वास नाही असं म्हणणार नाही, दुपारी दोनच्या सुमाराला थोडा येतोच, पण डोळ्याला झोंबत नाही.

गंमत म्हणजे उचलायचं काम आईनं घेतलंय. बोक्याची आई यांनी जे लिहिलं ते मी तिला वाचून दाखवलं होतं, ती आता रोज सकाळी गोळे मोजते. काल मला उठवून सांगितलं, "गड्ड्याचे आज दोनच झाले, लिंबाएवढे आहेत पण दोनच, पाणी पिला नाही वाटतं." आणि त्याच्यासाठी माठातलं पाणी वेगळ्या वाटीत काढून ठेवलं. माझ्या पाण्याची अशी चौकशी कधी झाली नाही.

ऑपरेशन सोमवारी आहे. चादर दोनदा व्हिनेगरनं धुतली, लाल रंग किंचित उतरला, कोपऱ्यावर बघायला विसरलो. आईला अजून कळलेलं नाही. लाल रंग परत पक्का करून देणारं कोणी आहे का ओळखीत? अशोक चौकाच्या बाजूला कोणी असेल तर जास्त बरं.

तिखट_शेंगा

माझे काका डाईंगमध्ये होते, विचारून सांगतो. टरफलांना मुंग्या लागल्या.