फायर ऑफिसरचा संपूर्ण ऑनलाइन अभ्यासक्रम करावा का? मदत हवी आहे

नमस्कार,

मी अग्निशमन दलात जवान म्हणून काम करतो. प्राथमिक प्रशिक्षण पूर्ण झालेले आहे आणि होज (पाण्याचा पाइप), शिडी, पंप, बीए सेट (धुरात श्वास घेण्यासाठी पाठीवर बांधायचे हवेचे उपकरण) यांचा सराव ड्युटीवर होतच असतो. आता अधिकारीपदाच्या तयारीसाठी मान्यताप्राप्त अभ्यासक्रम करायचा आहे, परंतु जितकी माहितीपत्रके वाचावीत तितका गोंधळ वाढतो आहे, म्हणून येथील जाणकारांना विचारतो.

मला समजले ते असे. अमेरिकेतील एनएफपीए (नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशन) ही संस्था व्यावसायिक पात्रतेची मानके ठरवते. १००१ या मानकात फायरफायटर १ व २ या पातळ्या होत्या (ते आता १०१० या एकत्रित मानकात समाविष्ट झाले आहे) आणि १०२१ मध्ये फायर ऑफिसर १ ते ४ (तेही आता १०२० या एकत्रित मानकात समाविष्ट झाले आहे). पण या पातळ्यांची प्रमाणपत्रे एनएफपीए देत नाही. ती देणाऱ्या यंत्रणांची तपासणी करून त्यांना इफसॅक किंवा प्रो बोर्ड या संस्था मान्यता देतात. दुसरा मार्ग इन्स्टिट्यूशन ऑफ फायर इंजिनिअर्स या १९१८ साली ब्रिटनमध्ये स्थापन झालेल्या संस्थेच्या परीक्षांचा, ज्यांत मुख्यतः विषयाचे ज्ञान तपासले जाते.

माझी अडचण अशी की, एक खासगी संस्था फायर ऑफिसर १ आणि २ हे दोन्ही अभ्यासक्रम घरबसल्या पूर्ण करून देते. माहितीपत्रकात ‘एनएफपीए मानकावर आधारित’ असे ठळकपणे छापले आहे, पण मूल्यमापन कोण करते हे कोठेही लिहिलेले नाही. नोकरी सांभाळून शिकायचे तर ऑनलाइन सोयीचे आहे, हे मान्य. तरीही, ज्या कामात दुसऱ्यांना आत पाठवायचे की बाहेर काढायचे हे ठरवावे लागते, ते काम केवळ पडद्यासमोर बसून शिकता येते का? आणि शुल्क भरण्यापूर्वी संस्थेला नेमके काय विचारावे?

प्रतिसाद १

मी अनेक वर्षे प्रशिक्षक होतो, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो. ‘आधारित’ असे कोणालाही छापता येते. प्रमाणपत्रावर इफसॅक किंवा प्रो बोर्डची मोहोर येणार का आणि तुमच्या नावाची नोंद त्यांच्याकडे होणार का, हे लेखी विचारा. उत्तर गोलमोल आले तर पुढे जाऊ नका.

दुसरे, प्रवेशाची अट पाहा. एनएफपीएच्या मानकानुसार फायर ऑफिसर १ साठी आधी फायरफायटर २ ची पात्रता लागते. ती न मागता थेट प्रवेश देणारी संस्था विद्यार्थ्यापेक्षा शुल्काकडे अधिक पाहते आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता तुमचा मूळ प्रश्न. बीए एंट्री कंट्रोलचेच, म्हणजे बीए सेट घालून आत गेलेल्या जवानांची वेळ आणि हवा यांची बाहेरून नोंद ठेवण्याचेच उदाहरण घ्या. ६.८ लिटरच्या सिलिंडरमध्ये ३०० बार दाब असेल तर साधारण २,०४० लिटर हवा मिळते. ५० बारच्या आसपास हवा संपत आल्याची शिटी वाजते असे धरले तर त्याआधी वापरता येणारी हवा १,७०० लिटर. मिनिटाला ४० लिटर या हिशेबाने ती ४२ मिनिटे पुरते. पण तोच जवान पाण्याने भरलेला होज ओढत जिना चढू लागला आणि वापर दुप्पट झाला, तर जेमतेम २१ मिनिटे. हे गणित वर्गात कोणालाही जमते. वॉकीटॉकीवर एकाच वेळी दोघे बोलत असताना, धूर काळा होत असताना आणि नोंदीच्या बोर्डवर आत गेलेल्या तिसऱ्या जोडीची वेळ लिहायची राहिलेली असताना ते जमते का, हे समोर उभ्या असलेल्या परीक्षकालाच दिसते.

प्रत्यक्ष आगीचा सराव असेल तर तो कसा घेतात हेही विचारा. १९८२ मध्ये अमेरिकेतील बोल्डर येथे अशाच सरावात दोन अग्निशामकांचा मृत्यू झाला आणि त्यानंतर १९८६ मध्ये एनएफपीएचे १४०३ हे अशा सरावासाठीचे मानक आले. पाच प्रशिक्षणार्थींमागे एक प्रशिक्षक, आग लावण्यापूर्वी सर्वांना आतून फिरवून जागा दाखवणे, स्वतंत्र सुरक्षा अधिकारी, आणि जखमी म्हणून जिवंत माणूस आत कधीही न ठेवणे, या त्यातील अटी आहेत. जुने टायर पेटवून ‘थरारक अनुभव’ देणाऱ्यांपासून चार हात दूरच राहावे.

प्रतिसाद २

वरील मताशी बव्हंशी सहमत, परंतु ऑनलाइन शिक्षण सरसकट मोडीत काढू नये. इमारतींची बांधणी, घटनेचा अहवाल लिहिणे, मनुष्यबळाचे नियोजन, तक्रारींची हाताळणी हा अधिकाऱ्याच्या अभ्यासाचा मोठा भाग वाचून आणि लिहूनच शिकायचा असतो. शिफ्टमध्ये काम करणाऱ्यांना तो घरी करणे सोपे जाते. मूल्यमापन मात्र समोरासमोर हवे. आणि सर्वांत आधी आपल्या दलाच्या पदोन्नती नियमांत कोणते प्रमाणपत्र ग्राह्य आहे ते पाहून घ्या. बाहेरची मोहोर कितीही वजनदार असली तरी नियमात ती बसत नसेल तर बढतीसाठी तिचा उपयोग होणार नाही.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. नियमांची प्रत कार्यालयाकडून मागवली आहे आणि संस्थेला मोहोर, नोंद व परीक्षक यांबद्दल ईमेल पाठवला आहे. एक उपप्रश्न राहतो: वाचनाचा भाग घरी आणि मूल्यमापन एखाद्या मान्यताप्राप्त केंद्रात, असा मिश्र अभ्यासक्रम येथे कोणी केला आहे का? केला असल्यास बीए एंट्री कंट्रोलची परीक्षा प्रत्यक्ष धुरात झाली की केवळ टेबलावर, हे कृपया कळवावे.